अंधारखोलीचे सोवळे

कृष्णधवल छायाचित्राची खरी प्रत डार्करूममध्येच निघते, इंकजेटवर निघते ती नुसती छपाई, असे मानणारा एक पंथ आहे. त्याचा पहिला मुद्दा सच्चेपणाचा : निगेटिव्ह खोटे बोलत नाही, संगणकावर मात्र काहीही करता येते. पण छायाचित्रकार युजीन स्मिथ यांनी डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांच्यावरच्या 1954 च्या चित्रमालिकेत एका छायाचित्राच्या पुढ्यात दुसऱ्या निगेटिव्हमधला हात आणि करवतीची मूठ आणून बसवली. कुठे? डार्करूममध्येच.

ॲन्सेल ॲडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे छायाचित्र घ्या. निगेटिव्ह एकच, 1941 चे. सुरुवातीच्या प्रतींत वरच्या आकाशात ढगांचे पुसट पट्टे दिसतात. पुढे ते आकाश ‘बर्न’ करत करत, म्हणजे प्रत काढताना तेवढ्या भागाला जास्त उजेड देत देत, ॲडम्स यांनी इतके काळे केले की ढग जवळजवळ गडपच झाले. 1948 मध्ये तर मूळ निगेटिव्हच्या खालच्या भागाची घनताही त्यांनी रसायनाने वाढवली. आता यातले खरे आकाश कोणते? ॲडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाले होते. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट हे वादन, अशी त्यांची धारणा होती. वादन दर वेळी वेगळे होणारच.

दुसरा मुद्दा हाताच्या स्पर्शाचा. पण छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपल्या प्रती पॅरिसच्या प्रयोगशाळेकडून करून घेत. पुढे बोलायलाच नको.

तिसऱ्या, पृष्ठभागाच्या मुद्द्यात मात्र दम आहे. चांदीचे कण जिलेटिनच्या थराच्या आत असतात, शाई कागदाच्या पृष्ठभागावर बसते. चकचकीत कागदावरची इंकजेट प्रत तिरप्या उजेडात धरली, की शाई दाट तिथे एक झळाळी आणि विरळ तिथे दुसरी. हे मान्य.

पण डार्करूमची खरी शिकवण वेगळीच आहे. ट्रेमधली ओली प्रत उजळ दिसते आणि वाळली की मंदावते. म्हणून जाणता माणूस ती वाळेपर्यंत निकाल देत नाही. मॉनिटर तर ओल्या कागदाहून लबाड, कारण त्याच्या मागे दिवा असतो. त्यावर विसंबून फाइल छपाईला धाडणारे डिजिटलवालेच या पंथाच्या हाती आयते कोलीत देतात. टेस्ट स्ट्रिप, म्हणजे चाचणीची छोटी पट्टी, इंकजेटवरही निघते. प्रत जिथे लागणार त्या उजेडात ती पाहताही येते. फारसे कोणी ही पट्टी काढत नाही, आणि चित्र काळवंडले की खापर फुटते प्रिंटरवर.