हार दर्पणाला, दावा मात्र कपाटात!



मसुऱ्याहून लिहितोय. ६ जानेवारी आली की आमच्या जिल्ह्यात पत्रकार दिनाची धांदल उडते. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. शास्त्रीबुवा आमच्या शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. तिथं त्यांचं स्मारक आहे. चांगलं आहे, आमचं काही भांडण नाही.

भांडण आहे ते हार घालून हात झटकणाऱ्यांशी.

'दर्पण'च्या पानावर दोन रकाने असायचे, एक मराठी, एक इंग्रजी. रयतेचं साहेबाला कळावं, साहेबाचं रयतेला. पण त्या आरशात सगळ्यांची तोंडं दिसली नाहीत. म्हणून तर ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांना 'मूकनायक' काढावं लागलं. त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा 'केसरी'नं छापली नाही! आज दोघांच्याही नावानं भाषणं होतात. भाषण करणाऱ्यांना आमची एकच विचारणा, आमच्याच बोलीत:

"आमच्या दाव्याचा काय झाला, ता खंय लिवलेला आसा?"

वनहक्क कायदा २००६ चा. दावा फेटाळला तर कारण लिहून द्यायला लागतं, दावेदाराला समक्ष कळवायला लागतं. कळवल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येतं. आता सांगा, कळवलंच नाही तर माणूस ६० दिवस मोजणार कुठून? कातकऱ्याचा कागद कपाटात, आणि कातकरी म्हणे अतिक्रमणवाला! पुरावा नाही म्हणून हाकलतात. अरे, जाणत्या म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा, असं नियमातच आहे. लिहून घ्यायला बसतो कोण?

म्हणून आमचं म्हणणं असं. दगडाचं स्मारक ज्याला बांधायचं त्यानं बांधावं. आपण भिंत रंगवू. शाळेची, समाजमंदिराची, नाहीतर कुणाच्या पडवीची, पण मालकाला विचारून. चुना आपला, गेरू आपला, हात आपल्या पोरीबाळींचे. वर आपल्या रानाचा नकाशा: ओहोळ, देवराई, नाचणीचं वरकस. खाली रकाने: दावेदाराचं नाव, दावा कधी दिला, आता कुठल्या समितीकडे, उत्तर काय आलं. उत्तर नसेल तर तो रकाना कोराच ठेवा. कोरा रकाना सगळ्यात मोठ्यानं ओरडतो.

दर ग्रामसभेला भिंत मोठ्यानं वाचायची. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी ऐकायची आणि चूक असेल तिथं थांबवायचं. साहेब गावात आला की खुर्ची त्या भिंतीसमोरच टाकायची.

हाच आमचा दर्पण. त्यात तोंड बघायची हिंमत असेल त्यानं खुशाल हार घेऊन यावं.

लढेंगे, जीतेंगे!