आतड्यातील जिवाणू आणि मुरबाडचे ताट

हृदयविकार हा सुखवस्तू शहरी माणसाचा रोग होय, ही समजूत आता टिकणारी नाही. त्याच्या कारणांची चर्चा मात्र अजून तेल-तूप आणि मानसिक ताण यांच्यापुढे फारशी सरकत नाही.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅन्ली हेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ पासून एक निराळीच साखळी पुढे आणली. अंडी व मांस यांतील कोलीन, कार्निटीन ही द्रव्ये आतड्यातील काही जिवाणू फोडतात. त्यातून निघणाऱ्या पदार्थापासून यकृतात ‘ट्रायमिथिलअमाइन एन-ऑक्साइड’ तयार होते. हे द्रव्य ज्यांच्या रक्तात अधिक, त्यांना झटक्याचा व पक्षाघाताचा धोका अधिक, असे चार हजारांवर रुग्णांच्या पाहणीतून २०१३ साली दिसून आले. त्याच वर्षी असेही आढळले की, दीर्घकाळ शाकाहारी असलेल्यांना कार्निटीन दिले, तरी त्यांच्या शरीरात हे द्रव्य फारच थोडे बनते. म्हणजे एका दिवसाच्या जेवणापेक्षा वर्षानुवर्षांचा आहार निर्णायक ठरतो.

तथापि हे द्रव्य रोगाचे कारण की केवळ लक्षण, हा वाद मिटलेला नाही. मासळीत ते मूळचेच असते आणि मूत्रपिंड दुबळे झाले तरी रक्तात साचते. त्यामानाने तंतुमय धान्य, कडधान्य व भाजी हृदयाला हितकर असतात, हा निष्कर्ष पुष्कळ भक्कम आहे. या तंतूंवरच आतड्यातील उपकारक जिवाणू पोसले जातात.

असे अन्न मुरबाड-शहापूरच्या डोंगरउतारांना परके नाही. नाचणी आणि वरई ही तेथली जुनी पिके. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याला जागा आहे. तथापि शिधावाटपाची सारी यंत्रणा तांदूळ व गहू यांभोवतीच उभी राहिली. ज्या धान्याला हमखास खरेदी नाही, ते कष्टकरी शेतकऱ्याने केवळ आरोग्यासाठी पिकवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आहार ही व्यक्तीची निवड असते, असे सांगणारे ही निवड आधीच कोणी केलेली असते, हे सोयीस्करपणे विसरतात.

या संशोधनाचा दुरुपयोगही संभवतो. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे मिळू लागले होते. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने त्याचा निधी थांबवला आणि तो भार लोकसहभागावर टाकला. वर्गणी काढण्याची ऐपत आदिवासी पाड्यावर कोठून येणार? उद्या कोणी कोलीनचा दाखला देऊन या निर्णयाला शास्त्राचा मुलामा देईल. परंतु वाढत्या मुलाला प्रथिनांइतकीच कोलीनचीही गरज असते. अतिमांसाहारी समाजातील प्रौढ रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष अर्धपोटी मुलाच्या ताटाला लावणे, हे विज्ञान नव्हे.

बाजार यावर जिवाणूंच्या महागड्या कुप्या विकील. मुरबाडला त्यांची गरज नाही. नाचणीला हमीची खरेदी, शिधापत्रिकेवर तिला हक्काचे स्थान आणि मुलाच्या ताटात सरकारी खर्चाने अंडे, एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत. त्यांसाठी प्रयोगशाळेच्या अंतिम निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.