हंसांच्या शिकारीचा मुहूर्त

परवां सायंकाळीं आमच्या घरीं रघुनाथ पंडितांचें नलदमयंती-आख्यान वाचावयास काढलें होतें. नळ राजानें सरोवरांतील हंस धरला आणि तो हंस त्याची विनवणी करूं लागला, त्या ठिकाणीं वाचन आलें. आई वृद्ध आहे, पत्नी नुकतीच प्रसूत झाली आहे, मागें त्यांस कोण आहे, असा त्या विनवणीचा आशय. धाकटी नात ऐकत बसली होती. ती एकदम म्हणाली, "आजोबा, त्याची बायको बाळंत झालेली नसती, तर राजानें त्याला मारलें असतें का?" मोठीं माणसें हंसलीं. मला मात्र हंसूं येईना. कारण मुलीच्या प्रश्नाचें उत्तर अर्ध्या जगाच्या शिकारीच्या कायद्यांत लिहून ठेवलेलें आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे. ‘हंस’ या एका नांवाखालीं आपण दोन निराळे पक्षी घालतों. लांब मानेचा शुभ्र हंस निराळा, आणि इंग्रज लोक ज्यास ‘गूस’ म्हणतात तो करड्या-तपकिरी रंगाचा, बदकाहून थोर असा रानहंस निराळा. उत्तरेकडील थंड देशांत या रानहंसाची शिकार पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. परंतु ती वाटेल तेव्हां करतां येत नाहीं. त्यासाठीं सरकारनें नेमलेला दिवस असतो, आणि त्या दिवसापूर्वीं बंदुकीचा बार काढणें हा गुन्हा होय.

आइसलंडांत हा मुहूर्त २० ऑगस्टचा. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथें तो १ सप्टेंबरचा. तेथील हंगाम ३१ जानेवारीस संपतो. मात्र समुद्रकांठीं भरतीच्या रेषेखालीं तो २० फेब्रुवारीपर्यंत चालतो. अमेरिका व कॅनडा यांच्यासंबंधानें १९१६ सालीं एक तह झाला. एका देशांत जन्मणारा पक्षी दुसऱ्या देशांत हिवाळा काढतो, तेव्हां त्याचें रक्षण एकट्या देशाच्या हातचें नव्हे, हें त्या तहाचें मूळ. १० मार्चपासून १ सप्टेंबरपर्यंत या फिरत्या पक्ष्यांची शिकार बंद, आणि हंगाम साडेतीन महिन्यांहून मोठा नसावा, असें त्यांत ठरलें.

हे दिवस कोणी मनास येतील तसे नेमलेले नाहींत. रानहंसांचीं जोडपीं बहुधा जन्मभर एकत्र राहतात आणि पिलांचा सांभाळ आईबाप मिळून करतात. उन्हाळ्यांत पिलें वाढीस लागलेलीं असतांनाच आईबापांच्या पंखांतील मोठीं पिसें एकदम गळून पडतात, आणि तीनचार आठवडे त्यांस मुळींच उडतां येत नाहीं. पिलांस पंख फुटावयाचे, थोरांस ते पुन्हां यावयाचे. अशा वेळीं त्यांस मारणें म्हणजे शिकार नव्हे, केवळ कत्तल. नळापुढें हंसानें जें गाऱ्हाणें मांडलें, तेंच या कायद्यांनीं तारखांच्या रूपानें लिहून काढलें आहे.

हा नियम पाळला नाहीं तर काय होतें, हें हवाई बेटांत दिसून आलें. तेथें ‘नेने’ नांवाचा एक रानहंस आहे. जगांत तो दुसरीकडे रानांत आढळत नाहीं. इतर देशांचें पाहून तेथेंहि शिकारीचा हंगाम हिवाळ्यांत ठेवला होता. परंतु नेने हा हिवाळ्यांतच अंडीं घालतो! विसाव्या शतकाच्या आरंभीं ही शिकार बंद झाली, तोंवर पुष्कळ हानि होऊन गेली होती. बाहेरून आणलेल्या मुंगुसांनीं व डुकरांनीं उरलेलीं घरटीं उध्वस्त केलीं. १९५० च्या सुमारास रानांत अवघे तीसएक पक्षी राहिले. त्या सालीं इंग्लंडांतील स्लिमब्रिज येथें एक जोडपें पाठविण्यांत आलें. पण दोघांनींहि अंडीं घातलीं, तेव्हां दोन्ही माद्याच आहेत हें कळलें, आणि घाईनें एक नर मागवावा लागला! त्या तिघांच्या वंशांतील पक्षी पुढें १९६२ पासून हवाई बेटांत परत सोडण्यांत आले. हें कार्य करणारे पीटर स्कॉट तरुणपणीं स्वतः रानहंसांचे नामांकित शिकारी होते, हें विशेष.

अमेरिकेनें शिकाऱ्याकडूनच रक्षणाचा खर्च घेण्याची युक्ति काढली. तेथें १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यास दरवर्षीं सरकारी तिकीट विकत घ्यावें लागतें. प्रथम त्याची किंमत एक डॉलर होती, पुढें ती पंचवीस डॉलर झाली. त्या पैशांतून पाणथळ जमिनी विकत घेऊन पक्ष्यांसाठीं राखून ठेवतात.

तथापि प्रत्येक ठिकाणीं एकच पंचांग चालत नाहीं. न्यूझीलंडांत ऋतु उलटे, म्हणून बदकांची शिकार मे महिन्याच्या पहिल्या शनिवारीं सुरू होते. आणि १९०५ सालीं तेथें मुद्दाम नेलेला कॅनडाचा रानहंस इतका माजला कीं, २०११ पासून त्यास हंगामाचें संरक्षणच उरलें नाहीं. रशियांत वसंतांतहि थोडे दिवस शिकार करूं देतात. उलट युरोपीय संघाच्या १९७९ च्या नियमानें पक्षी जन्मभूमीकडे परतत असतांना त्यांस मारण्याची साधारणपणें मनाई आहे.

खरी अडचण उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांची. तेथें वसंतांत पक्षी येतात, तेव्हांच दीर्घ हिवाळ्यानंतर ताजें अन्न मिळतें. १९१६ च्या तहानें ह्या लोकांस आपल्याच घरीं गुन्हेगार ठरविलें. १९६१ सालीं अलास्कांतील बॅरो गांवीं बंद हंगामांत बदकें मारल्याबद्दल अटक झाली, तेव्हां शंभरांहून अधिक गांवकरी प्रत्येकीं एकेक बदक घेऊन अधिकाऱ्यापुढें उभे राहिले आणि आम्हांसहि पकडा म्हणाले. आपल्या मिठाच्या सत्याग्रहाची आठवण कोणास होणार नाहीं? अखेर १९९५ च्या करारानें त्यांच्या वसंतांतील शिकारीस मान्यता मिळाली. कॅनडांतील क्री लोकांच्या गांवीं तर या शिकारीसाठीं शाळांस सुटी असते.

आपल्या देशांत हा मुहूर्तच उरलेला नाहीं. १९७२ च्या कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध आले, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाने देणेंहि थांबलें. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब दर हिवाळ्यांत तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. मंगोलियांत गळ्यांत खुणेचे पट्टे घातलेले कादंब आपल्या तळ्यांवर दिसलेले आहेत. इतक्या दुरून आलेल्या पाहुण्यास येथें अभय आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र तळींच बुजवून टाकलीं, तर नुसत्या अभयावर पाहुणा कोठें उतरावयाचा?

असो. नातीला मीं इतकेंच सांगितलें, "राजानें कदाचित् मारलें असतें, बाळ, पण पिलांस पंख फुटेपर्यंत त्याला थांबावें लागलें असतें." ती क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, "मग पुढचें वाचा. त्यानें सोडलें, तेंच बरें केलें." आम्ही पुढें वाचूं लागलों.