यंत्रापेक्षा वेळ मोलाची

घशाच्या कर्करोगावर ‘रोबो’ श्रेष्ठ की ‘लेसर’ श्रेष्ठ, असा प्रश्न रुग्णांचे आप्त अलीकडे सर्रास विचारू लागले आहेत. जाहिरातींनी तर त्याला शर्यतीचेच रूप दिले आहे. आमच्या मते या प्रश्नाची मांडणीच सदोष आहे.

व्हिएन्नाच्या बिलरोथ यांनी १८७३ च्या अखेरीस कर्करोगग्रस्त स्वरयंत्र समूळ काढले. त्यानंतर शतकभर शस्त्रक्रिया म्हणजे मान बाहेरून उघडणे आणि पुष्कळदा वाचा कायमची गमावणे, असेच समीकरण होते. १९७२ साली बोस्टनच्या स्ट्राँग आणि जाको यांनी स्वरयंत्रावरील लेसर शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे जर्मनीत श्टायनर यांनी ते तंत्र कर्करोगासाठी विकसित केले. तोंडावाटे नळी घालून, सूक्ष्मदर्शकातून पाहत, किरणाने गाठ छेदावयाची. स्वररज्जूवरील लहान गाठीस हे साधन उत्तम. परंतु किरण सरळ रेषेत जातो. जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलच्या आड, जेथे नजर पोहोचत नाही, तेथे तो अडखळतो.

ही अडचण रोबोने पुष्कळशी दूर केली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील ओमॅली व वाइनस्टीन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीस अमेरिकेत २००९ साली मान्यता मिळाली. मनगटासारखी वळणारी अवजारे आणि त्रिमितीय दृश्य हे तिचे बळ. मात्र रोबो स्वतः काहीच करीत नाही, हात शल्यविशारदाचाच असतो. शिवाय अरुंद स्वरयंत्रात त्याचे बाहू फिरविणे कठीण, आणि किंमत कोटींच्या घरात.

तात्पर्य, गाठ कोठे आहे व किती पसरली आहे, यावर साधन ठरते. पुष्कळ रुग्णांना तर किरणोपचारही तितकाच उपयुक्त ठरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरेटर’ चाचणीत ६८ रुग्णांवर किरणोपचार व रोबो शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. गिळण्याच्या क्षमतेत शस्त्रक्रिया सरस ठरली नाही. म्हणून तिन्ही मार्गांचे तज्ज्ञ एकत्र बसून सल्ला देतील, असा आग्रह रुग्णाने धरावा.

तथापि लेसर काय किंवा रोबो काय, दोन्हींचा खरा लाभ रोग लहान असतानाच मिळतो. पाश्चात्त्य देशांत टॉन्सिलच्या कर्करोगामागे बहुधा विषाणू आढळतो. आपल्याकडे घशाच्या कर्करोगाचे मुख्य कारण तंबाखू, आणि तिच्या जोडीला मद्य. गोव्याने १९९७ च्या कायद्याने सार्वजनिक धूम्रपानास व थुंकण्यास प्रतिबंध केला. त्याची अंमलबजावणी किती कसोशीने होते, हे प्रत्येकाने आपल्या गावच्या बाजारात पाहावे. भजनावर आणि नाटकावर जीव टाकणाऱ्या या भूमीत आवाज गेला की माणसाचे अर्धे आयुष्यच जाते. असे असूनही बसलेला आवाज हळद-दुधावर महिनोन् महिने ढकलला जातो!

तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला, गिळताना दुखले किंवा मानेत गाठ लागली, तर तपासणी टाळू नये. शासनाने अद्ययावत यंत्रे अवश्य घ्यावीत. परंतु त्याआधी प्रत्येक तालुक्यात दुर्बिणीने घसा तपासण्याची सोय व्हावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. कोट्यवधींच्या यंत्रापुढे रुग्ण उशिरा पोहोचला, तर त्या यंत्राचा त्याला काय उपयोग?