स्वस्ताई होती, पण कोणासाठी?

सहामाहीच्या आधी आठवीच्या वर्गात ‘महागाई : एक समस्या’ हा निबंध लिहायला दिला होता. दरवर्षीच देतो. वह्या तपासायला घेतल्या आणि निम्म्याहून जास्त वह्यांत पहिला परिच्छेद सारखाच निघाला. पूर्वी सगळं स्वस्त होतं, १९४७ साली दहा ग्रॅम सोनं ८८ रुपयांना मिळायचं, एक डॉलर म्हणजे एक रुपया होता, लोक सुखी होते, आता महागाईचा राक्षस आला. पोरांनी हे कुठून घेतलं ते तुम्हालाही माहीत आहे. तो मेसेज तुमच्याही मोबाईलवर आलेला असणार, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी काही शिक्षकांनीच तो पुढे पाठवलेला असणार.

वह्या परत देताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. घरी बिड्या बांधतात, बाप धानाच्या हंगामात मजुरीला जातो. म्हणाला, “सर, एवढं स्वस्त होतं तर आमच्या पणजोबानं सोनं काहून नाही घेतलं? एक-दोन एकर जमीन तरी घ्यायची.” वर्ग हसला. त्याला हसू आलं नव्हतं. पणजोबा आळशी असेल नाहीतर मूर्ख असेल, असं त्याच्या मनात बसलं होतं. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी त्या मेसेजबद्दल. १९४७ साली डॉलर एक रुपयाला कधीच नव्हता. आपला रुपया तेव्हा इंग्लंडच्या पौंडाला बांधलेला होता, एका रुपयाला दीड शिलिंग या दराने. म्हणजे एका पौंडाला साधारण १३ रुपये ५ आणे. पौंड चार डॉलरच्या आसपास होता. भागाकार करा, डॉलर सव्वातीन रुपयांच्या वर जातो. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, पाठोपाठ रुपयाचंही झालं आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला. हा भागाकार सातवीचा मुलगा करू शकतो. पण आपण तो करून घेत नाही, पाठ करून घेतो.

सोन्याचा आकडा मात्र खोटा नाही. १९४७ ची सरासरी ८८ रुपये ६२ पैसे अशीच दिली जाते, १९५० ची ९९ च्या घरात. फक्त एक गंमत आहे. त्या काळी आपल्या बाजारात ग्रॅम हे माप कोणी वापरतच नव्हतं. सोनाराकडे तोळा होता, ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे सराफाच्या दुकानात माणसाने ऐकलेला भाव तोळ्याला शंभराच्या वरचा. ८८ हा आकडा नंतर कोणीतरी ग्रॅममध्ये बसवलेला आहे. आणि ‘पैसे’ हे शंभरातले पैसे तरी तेव्हा कुठे होते? रुपयाचे १६ आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. शंभर नये पैसे आले १ एप्रिल १९५७ ला.

आता मुख्य गोष्ट. किंमत एकटी काहीच सांगत नाही. तिच्या बाजूला मजुरी मांडावी लागते.

१९५०-५१ मध्ये सरकारने शेतमजुरांची पहिली देशव्यापी पाहणी केली. पुरुषाची सरासरी रोजी निघाली १ रुपया ९ पैसे, बाईची ६८ पैसे. (हेही आजच्या पैशांत. तेव्हाच्या भाषेत साडेसतरा आणे आणि अकरा आणे.) मग दहा ग्रॅम सोन्यासाठी पुरुषाला सुमारे ९१ दिवस राबावं लागे, बाईला १४६ दिवस. आता आजचं पाहू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची रोजी ३१२ रुपये होती आणि दहा ग्रॅम सोनं २०२५ मध्ये लाखाच्या पुढे गेलं. नुसता लाख धरला तरी ३२० दिवस होतात.

म्हणजे मजुरीत मोजलं तरी सोनं तेव्हा स्वस्तच होतं! मी हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. माझंच म्हणणं मी खोडलं की काय? थांबा. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा आहे. शेतमजूर कुटुंबात माणशी वर्षाचं उत्पन्न १०४ रुपये. महिन्याचं नाही, वर्षाचं. वर्षभर अन्नाचा कण न खाता, अंगावर नवं लुगडं न घेता, दिवा न लावता राहिलं तर एका माणसाच्या वाट्याला कसंबसं दहा ग्रॅम. आणि खर्च? शंभर रुपयांतले ८५ रुपये जेवणावर. उरलेल्या पंधरात कपडा, जळण, औषध, लग्न, सावकाराचं व्याज. काम तरी रोज कुठे होतं! वर्षातले सरासरी २१८ दिवस मजुरीचं काम, बाकी दिवस घरी. कुटुंबाचं सरासरी उत्पन्न वर्षाला ४४७ रुपये आणि खर्च ४६१. वजाबाकी करा आणि मग सांगा पणजोबाने सोनं काहून नाही घेतलं.

सोन्याचा भाव विचारणारं घर आणि न विचारणारं घर, ही दोन वेगळी घरं आहेत. मेसेज पहिल्या घरातून येतो.

आपल्या गोंदियाचं सांगायचं तर त्या वेळी गोंदिया जिल्हाच नव्हता. आपण भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा मध्य प्रांत-वऱ्हाडात, पुढे मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ ला आपला वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे १९५० सालच्या गोंदियाबद्दल वाचायचं असेल तर कागद नागपूर-भोपाळकडचे पाहावे लागतात. असाच एक कागद मला फार मोलाचा वाटतो. १९४८ साली मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने एक कायदा केला. शेतीच्या हंगामात, अधिकारी ठरवेल त्या गावांत, कोणीही बिड्या बांधायच्या नाहीत. कारण? शेतीला मजूर मिळत नाहीत. प्रकरण सागर जिल्ह्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर १९५० मध्ये न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हातारी माणसं, अपंग, शेतात जाऊ न शकणाऱ्या बाया यांनीसुद्धा बिडी बांधायची नाही, हे कुठलं नियमन, असा त्यातला एक मुद्दा होता. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं.

तेंदूपत्त्याच्या आपल्या पट्ट्यात हा निकाल पाठ्यपुस्तकात हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. विचार करा, बिडीची मजुरी काही गडगंज नव्हती. हजाराच्या हिशोबाने पैसे, त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीतच. तरी लोक धानाच्या बांधीपेक्षा सुपासमोर बसणं पसंत करत होते, इतकं की सरकारला कायदा करावासा वाटला. यावरून शेतातली मजुरी काय असेल ते कळतं. आणि पुष्कळ ठिकाणी ती पैशात नव्हतीच, धानात मिळे, पायलीने मोजून. ज्याच्या हातात महिनोन् महिने नोट येत नाही त्याला ‘आठ आण्यात पोटभर’ ऐकवून काय उपयोग?

मग दुकानातला माल. आजही आपल्याकडे म्हातारी माणसं रेशन दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलची साखर. तो शब्द युद्धकाळातला आहे. डिसेंबर १९४७ मध्ये सरकारने धान्यावरचं नियंत्रण उठवलं, भाव भडकले, वर्षाच्या आत ते पुन्हा लावावं लागलं. कपड्याचंही तेच झालं. १९५२ नंतर रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना ते हळूहळू सुटलं. म्हणजे ज्या वर्षांना आपण स्वस्ताईची वर्षं म्हणतो, त्यातली निम्मी कार्ड घेऊन रांगेत उभं राहण्यात गेली. एखाद्या वस्तूचा सरकारी भाव चार आणे असेल, पण ती मिळतच नसेल तर तिचा भाव काय धरायचा?

नये पैसे आले तेव्हाची एक गोष्ट गणिताच्या तासाला जरूर घ्या. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५, असा तक्ता ठरला. एक-एक आण्याची वस्तू तीनदा घेतली तर १८, एकदम तीन आण्यांची घेतली तर १९. पोरं या तक्त्यावर तासभर भांडतात.

अमेरिकेचंही सांगतो, कारण ‘तिकडे तेव्हा कोका-कोला पाच सेंटला मिळायचा’ हाही मेसेज फिरतो. बरोबर आहे, मिळायचा. पण जानेवारी १९५० पासून तिथली किमान मजुरी ताशी ७५ सेंट होती. म्हणजे बाटलीमागे चार मिनिटांचं काम. तिथल्या म्हाताऱ्याने ‘काय स्वस्ताई होती’ म्हटलं तर त्याला निदान हिशोबाचा आधार आहे. तिथे १९५० साली शंभरातल्या नऊ घरांत टीव्ही होता, दहा वर्षांत ८७ घरांत आला. आपल्याकडे रेडिओला पोस्टातून दरवर्षी लायसन्स काढावं लागे आणि गावात एखादाच रेडिओ असे. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ ला सुरू झाली. पुढे केसकरांनी, म्हणजे आपल्याच मराठी माणसाने, आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना दार लावलं, तर १९५२ पासून लोक बिनाका गीतमालेसाठी रेडिओ सिलोन लावू लागले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली.

पण मजुराच्या घरची करमणूक तिकिटाची नव्हतीच. ती होती दिवाळीनंतरची मंडई, रात्रभर चालणारी दंडार, शंकरपट, तुकडोजी महाराजांची खंजिरी. तिथे खिशात दोन आणे असले तर शिंगाडे आणि ऊस, नसले तरी बसायला जागा. त्या काळाचं कौतुक करायचंच असेल तर मी याचं करीन.

आता कोणी म्हणेल, सर, म्हणजे आज सगळं छान आहे का? मी तसं म्हटलेलं नाही. सोन्याचा हिशोब वर दिलाच आहे, आणि खासगी दवाखान्याचं बिल मजुरीच्या दिवसांत मांडायला मुलांना सांगाल तर तुमची झोप उडेल. पण १९५१ च्या जनगणनेत शंभरातल्या अठरा जणांनाच वाचता येत होतं, बायांमध्ये नऊ जणींनाही नाही. सरासरी आयुष्य ३२ वर्षांचं. ‘लोक सुखी होते’ लिहिणाऱ्या मुलीला मी एवढंच विचारलं, तू तेव्हा असतीस तर हे वाक्य लिहिता आलं असतं का तुला?

तुमच्या शाळेत हा निबंध दिलात तर एक बदल करा. ‘पूर्वी’ या शब्दापुढे साल लिहायला लावा आणि प्रत्येक किमतीशेजारी त्या सालची रोजी. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला भाव विचारू नका, एका दिवसाच्या कामात काय काय यायचं ते विचारा.

त्या मुलाची पणजी अजून आहे, नव्वदीच्या आसपास. लग्नाआधीपासून बिड्या बांधलेल्या. सोमवारी तो वही घेऊन आला. तिला सोन्याचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “सोनं कायचं बाबू, राती बिड्या बांधायले दिव्यात मातीचं तेल नव्हतं. चांदणं असलं का अंगणात बसत होतो.” खाली त्याने स्वतःच एक ओळ आखली होती आणि लिहिलं होतं : महिन्यातून चांदण्याचे दिवस किती?