द्राक्षाची तपासणी होते, विहिरीची कोण करणार?

तासगावचे द्राक्ष युरोपच्या बाजारात जायचे, तर त्याचा नमुना आधी प्रयोगशाळेत जातो. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचा अंश आढळला, म्हणून तिकडे भारतीय द्राक्षे अडवली गेली आणि बागायतदार हवालदिल झाला. परदेशी ग्राहकाच्या प्रकृतीची ही काळजी योग्यच आहे. परंतु त्याच बागेत राबणारी मजूर स्त्री ज्या विहिरीचे पाणी पिते, त्या विहिरीसाठी एवढी दक्षता कोण घेतो?

हा प्रश्न कीटकनाशकांपुरता नाही. यंत्राच्या सुट्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीनयुक्त द्रावके वापरली जातात. हे द्रावक पाण्याहून सुमारे दीडपट जड. जमिनीवर सांडले की ते मुरमातून आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून भूजलाच्याही खाली उतरते व पुढे कित्येक दशके पाण्यात विरघळत राहते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. इतक्या अल्प अंशाचा ना वास येतो, ना रंग दिसतो. नायट्रेट-फ्लोराइड दाखविणाऱ्या गावातील तपासणी-पेटीलाही ते सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरविले. त्याची वाफ प्रथम कामगाराच्याच छातीत जाते, हे विसरता कामा नये.

एकदा मुरलेले हे विष काढणे सोपे नाही. पाणी वर्षानुवर्षे उपसून कोळशातून गाळावे लागते, मातीतील बाष्प पंपाने ओढावे लागते, किंवा जिवाणूंकरवी त्याचे विघटन घडवावे लागते. भोपाळमध्ये कारखान्याभोवतीच्या विहिरींत कार्बन टेट्राक्लोराइड व क्लोरोफॉर्म असल्याचे १९९९ मध्ये उघड झाले. २०२५ मध्ये तेथील साठवलेला सुमारे ३३७ टन कचरा पीथमपूरला नेऊन जाळण्यात आला. परंतु जमिनीत मुरलेल्या विषाचा प्रश्न त्याने सुटला नाही. नफा केव्हाच परदेशी गेला, विष मात्र वस्तीच्या वाट्याला आले.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांविषयीचे नियम जारी केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने वा स्थानिक संस्थेने दर सहामाहीस द्यावी, प्रदूषण मंडळाने ती तपासावी आणि सफाईचा खर्च दोषी मालकाकडून वसूल करावा, असे हे नियम सांगतात. मालक सापडलाच नाही, तर मात्र बोजा सरकारी तिजोरीवर, म्हणजे जनतेवर!

सांगली-मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींपासून तासगावच्या बाजारपेठेपर्यंत कोठे काय मुरले आहे, हे तपासल्यावाचून सांगता येणार नाही. म्हणूनच तपासणीची मागणी हवी. बंद पडलेले कारखाने, जुनी गोदामे, वर्कशॉप यांची यादी कार्यकर्त्यांनी गावोगाव करावी. ग्रामसभेत ठराव करून ती जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी. कोणते द्रावक किती आणले व उरलेले कोठे गेले, याची नोंद पाहण्याचा हक्क कामगार संघटनांनी मागावा. नियम कागदावर आला आहे. संघटित रेटा नसेल, तर तो कागदावरच राहील.