कल्पित टोळीचे खरे बळी

देशाचा सगळा इतिहास पडद्याआडच्या गुप्त मंडळ्यांनी घडवला, राजे आणि सरकारे नुसती नावाला होती, अशी कल्पना धरून लिहिलेल्या कादंबऱ्या जगभर आवडीने वाचल्या जातात. कादंबरीपुरते ते ठीक. सोलापूर जिल्ह्यात मात्र अशीच एक कल्पना पुस्तकातून उठून कायद्यात जाऊन बसली आणि तिने माणसांच्या पिढ्याच्या पिढ्या कुंपणात घातल्या. तो कायदा गेला, पण कथा गेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढा तालुक्यातली माणसे मारली गेली, ती याच कथेपायी.

राईनपाड्यात त्या दिवशी रविवारचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. मुले पळवणारी टोळी भागात आली आहे, असे निरोप त्याआधीच मोबाइलवरून फिरत होते. पाचांतला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त जमावाला पुरले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारण्यात आले. टोळी नव्हती. पळवलेले मूलही नव्हते. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली, हे योग्यच झाले. पण अंगावर भगवे आणि खांद्याला झोळी असलेला परका माणूस म्हणजे टोळीवाला, हे शेकडो लोकांना एकाच वेळी, कोणताही पुरावा न मागता कसे पटले, याचा शोध घ्यायचा तर दोनशे वर्षे मागे जावे लागते.

ठगांची कथा शाळेपासून आपल्या कानावर आहे. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून एक चित्र उभे केले: देवीच्या नावाने प्रवाशांचे गळे आवळणारा, स्वतःची सांकेतिक भाषा बोलणारा, बापाकडून मुलाकडे चालत येणारा आणि हिंदुस्थानभर पसरलेला एक गुप्त पंथ. वाटमारी खरी होती, खूनही खरे होते. पण देशव्यापी, जन्मजात पंथाच्या त्या चित्राबद्दल अलीकडच्या इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. १८३६ च्या कायद्याने तर पुराव्याची वाटच बंद केली. हा माणूस कधीतरी, कुठेतरी ठगांच्या टोळीत होता एवढे दाखवले की जन्मठेप. त्याने कोणाला मारले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तीनच वर्षांनी, १८३९ मध्ये, फिलिप मेडोज टेलरची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी आली आणि विलायतेत गाजली. हाच टेलर पुढे आपल्या शेजारच्या नळदुर्गला डेप्युटी कमिशनर होता.

मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यामागचा युक्तिवाद असा होता, की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. आता टोळीत असल्याचे दाखवण्याचीही गरज राहिली नाही. पाळण्यातले मूलच टोळीचे सभासद ठरले. १९११ च्या कायद्याने हा फास देशभर पसरला आणि सोलापुरात सेटलमेंटचा, म्हणजे या जमातींना डांबून ठेवणाऱ्या वसाहतींचा, कारभार वाढत गेला. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, भामटा, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तीन तारांच्या कुंपणाआड आणून ठेवली गेली. ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास, आणि वेळेत परतले नाही तर शिक्षा. कापड गिरण्यांना हात हवे होते आणि कुंपणात ते आयते मिळत होते. ज्या माणसांना सरकार जन्माचे चोर म्हणत होते, त्यांच्याच घामावर गिरण्यांचे साचे चालत होते, ही गोष्ट सोलापूरच्या औद्योगिक वैभवाबद्दल बोलताना कोणी काढत नाही. शहरात सेटलमेंट फ्री कॉलनी आजही आहे. तिच्या नावातला ‘फ्री’ कशापासून, हे शेजारच्या पेठेतल्या मुलाला विचारले तर सांगता येणार नाही.

महाराष्ट्रात खऱ्या गुप्त संस्था झाल्याच नाहीत, असे नाही. नाशिकचा मित्रमेळा, त्यातून १९०४ मध्ये उभी राहिलेली अभिनव भारत, त्याआधी पुण्याचे चाफेकर बंधू. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाची सुरुवातच महाराष्ट्रापासून होते. कटांचा इतिहास मांडून समितीने खास अधिकारांची शिफारस केली, १९१९ मध्ये कायदा झाला आणि साऱ्या देशाने त्याविरुद्ध आवाज उठवला. १९२२ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. विनाचौकशी डांबण्याची मुभा देणारा तो कायदा काळा होता, यात शंकाच नाही. पण ज्या गुप्त संघटना खरोखर होत्या, त्यांच्या धास्तीने केलेला कायदा तीन वर्षांत गेला. ज्या नव्हत्याच, त्यांच्यासाठी केलेला कायदा एक्क्याऐंशी वर्षे टिकला. पहिल्या कायद्याच्या वाटेत वर्तमानपत्रे, वकील आणि पुढारी उभे होते. दुसऱ्याच्या वाटेत फारसे कोणी उभे राहिले नाही. मराठी पत्रेही नाहीत, हे या जागेवरून मान्य करायला हवे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. त्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त जमातींसाठी खरा स्वातंत्र्यदिन तोच. पण सात वर्षांत, १९५९ मध्ये, तेव्हाच्या मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जातीचे नाव नाही, शिक्षा झालेल्या व्यक्तीचा विचार आहे, हे खरे. तरीही अशा कायद्यांचा वापर त्याच जुन्या वस्त्यांवर होतो, हे ओळखून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये ते काढून टाकायला सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवरची कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणारी कलमेही त्या निकालात गेली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे ती कलमे छापील पुस्तकांत होती.

हे सगळे सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबमधून लिहिण्याला कारण आहे. पुणे-सोलापूर महामार्ग गावावरून जातो, कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वे इथे थांबते, आणि पंढरीची वाट धरलेला माणूस या भागातून गेल्याशिवाय राहत नाही. नंदीवाले, डवरी गोसावी, बहुरूपी, वासुदेव आपल्या बाजारात नेहमीचे. सप्टेंबर २०२२ मध्ये विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना जत तालुक्यातल्या लवंगा गावात मुले पळवणारे समजून मारहाण झाली. त्यांचे प्राण वाचले. तोच निरोप उद्या इथल्या एखाद्या मोबाइलवर येईल, तेव्हा आपण काय करणार?

अशी घटना घडली की चांगल्या मनाची माणसेही एक उपाय सुचवतात: भटक्यांनी गावात शिरण्याआधी पोलीस ठाण्यात नोंद करावी. आमचा याला ठाम विरोध आहे. रस्त्याने चालण्यासाठी परवानगी मागायला लावणे म्हणजे सेटलमेंटची हजेरी परत आणणे. जबाबदारी अफवेवर विश्वास ठेवणाऱ्या गावाची आहे, फिरणाऱ्याची नाही. टोळीचा निरोप फिरू लागला की पोलीस पाटलाने त्याच दिवशी ठाण्याला कळवावे, ठाण्याने खरे-खोटे तपासावे आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, शाळेच्या फळ्यावरून, बाजारातल्या दवंडीतून ते सांगितले जावे. अफवा पुढे पाठवणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा, तोही पहिला दगड उचलला जाण्याआधी.

सोलापूर महापालिकेने सेटलमेंटच्या जागी त्या कुंपणाची माहिती देणारा फलक लावावा आणि जिल्ह्यातल्या शाळांनी मुलांना तिथे न्यावे. तिथल्या वृद्धांच्या आठवणी विद्यापीठाने नोंदवून घ्यायला हव्यात; कुंपण पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली असणार. आणि १९५९ चा कायदा राज्याने रद्द करावा. माढा, पंढरपूर आणि मंगळवेढा भागांतल्या आमदारांनी ही मागणी पक्ष बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात एकत्र मांडावी. राईनपाड्यात मारले गेलेले बहुतेक जण याच जिल्ह्याचे होते.